मगरीची बाटी

“आज जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही,” छीतरलाल म्हणाला. “बसलाच, तर हे पागोटं उतरवून त्या पंपाच्या पायाशी ठेवीन आणि उघड्या डोक्याने भर बाजारातून घरी जाईन.”

समोरच्या बाकांवरची बावीस पोरं सरसावून बसली. छीतरलाल नागरचं पागोटं म्हणजे अख्ख्या वसाहतीला माहीत असलेली चीज होती. हिरव्या-पिवळ्या लहरियाचं, म्हणजे नागमोडी पट्ट्यांचं, नऊ वार लांब. फिटर म्हणून नोकरीत होता तेव्हा आत यंत्रांपाशी पिवळं हेल्मेट घालावं लागे. निवृत्त झाला त्या दिवशी त्याने हेल्मेट परत केलं आणि पागोटं चढवलं, ते झोपतानाच काय ते उतरे. तेही बायको, कंचन, म्हणेल तेव्हा.

शनिवार होता. सकाळचे अकरा. प्रशिक्षण केंद्राच्या वर्कशॉपमध्ये दर शनिवारी या वेळेला त्याचा तास असे. वेळापत्रकात त्याला ‘व्यावहारिक प्रश्न’ म्हणत आणि पोरं त्याला ‘काकोसांच्या बाता’ म्हणत. अणुवीज केंद्रात नव्याने भरती झालेली ही डिप्लोमावाली पोरं. आठवडाभर त्यांना पुस्तकं, नकाशे आणि नियम पाजले जात, आणि शनिवारी छीतरलाल.

या तासाला एकच कायदा होता. तो त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता.

“माझ्या गोष्टीत थापा पुष्कळ असतील. तोंडाच्या थापा मोजत बसू नका, त्या वरणातल्या मिठासारख्या. पण प्रत्येक गोष्टीत एक थाप यंत्राची असेल. एकच. म्हणजे यंत्र तसं वागूच शकत नाही, काही केलं तरी नाही. ती ज्याला सापडेल त्याने उठायचं आणि सगळ्यांच्या देखत ओरडायचं, ‘काकोसा, खोटं!’ का खोटं, तेही सांगायचं. गोष्ट तिथल्या तिथे थांबेल आणि त्याला माझ्याकडून कचोरी. नाही सापडली, तर मी सांगणार नाही. छातीवर बसलात तरी नाही.”

आठ वर्षांत दर तुकडीने त्याला पकडलं होतं. एका तुकडीत तर असा एक पोरगा निघाला की छीतरलालने दुसरं वाक्य पुरं करायच्या आत तो उभा राहायचा. त्या वर्षी कचोऱ्या फार गेल्या. पण या खेपेची पोरं निराळीच. पाच शनिवार झाले, पोट धरधरून हसली, टाळ्या पिटल्या, घरी गेली. थाप तशीच पडून राहिली, कुणी उचलली नाही.

आणि आज शेवटच्या बाकावर सिंघवी साहेब बसले होते.

सिंघवी साहेब म्हणजे प्रशिक्षण केंद्राचे नवे अधीक्षक. जोधपूरकडचे, उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं लावणारे: एक निळं, एक लाल. परवा, गुरुवारी, त्यांनी छीतरलालला खोलीत बोलावलं होतं.

“छीतरलालजी, तुमच्या तासाला मुलं फार हसतात म्हणे.”

“हसतात, हुकम.” साहेब लोकांना तो जुन्या रीतीने हुकमच म्हणे.

“आणि शिकतात काय?”

“खोटं ओळखायला.”

“पाच आठवड्यांत किती ओळखलं?”

छीतरलालने पागोटं सारखं केलं. “या वेळची पोरं जरा जास्तच सभ्य आहेत. म्हाताऱ्याला तोंडावर खोटा म्हणवत नाही त्यांना.”

साहेबांनी वही उघडली. “हे बघा, मी शनिवारी मागे बसेन. तास संपायच्या आत एकाने जरी तुमची ती यंत्राची थाप पकडली, तर तुमचा तास राहील. नाहीतर सोमवारी मी वेळापत्रक बदलतो. त्या वेळात संगणकावर सराव करतील.”

माणूस वाईट नव्हता. बोलणं झाल्यावर त्याने चहा पाजला, वेलची घातलेला. चहा चांगला होता म्हणूनच छीतरलालला जास्त लागलं. वाईट चहा पाजला असता तर निदान फाटकापर्यंत शिव्या देत जाता आलं असतं.

त्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. चूल झाकलेली, कंचन ओसरीवर गवार मोडत बसलेली. तिने मान वर केली नाही.

“अर्धा तास होऊन गेला,” ती म्हणाली. “आता विष चढलं. परवा या जेवायला.”

हे बोलणं या वसाहतीत घरोघरी चालतं. पोरगं दूध पीत नसलं तरी आई हेच म्हणते, न्हाव्याकडे उशिरा गेलं तरी न्हावी हेच म्हणतो. भट्टीवर काम करणाऱ्यांनी ते घरी आणलं. अणुभट्टी पुऱ्या जोरावर चालत असताना एकाएकी बंद पडली, तर अर्ध्या तासाच्या आत ती पुन्हा चालू करावी लागते. तेवढ्यात जमलं नाही, तर मग दीड दिवस तिच्याकडे बघत बसायचं. चालत्या भट्टीच्या पोटात झेनॉन नावाचा वायू तयार होत असतो, आणि चालती भट्टी तो आपणच जाळून टाकत असते. भट्टी थांबली की जाळणारं कुणी उरत नाही, वायू मात्र साचतच जातो. तो इतका साचतो की भट्टीला जागं करणारे सगळे कण गिळून टाकतो. मग भट्टीला लगाम घालणारे दांडे वर घ्या, नवस बोला, भट्टी ढिम्म. दीड दिवसाने तो आपोआप विरतो तेव्हा ती डोळे उघडते. इंजिनियर लोक याला बरंच काही म्हणतात. वसाहतीत ‘विष चढलं’ एवढंच म्हणतात.

छीतरलाल ओसरीवर टेकला आणि साहेब काय म्हणाले ते त्याने सांगितलं. कंचनचे हात थांबले.

“म्हणजे शनिवारी घरीच?”

“घरीच.”

“आणि थापा कुणाला मारणार? मला? चाळीस वर्षं पकडतेच आहे मी. मलाही एक दिवस सुटी नको?” ती उठली, चूल पुन्हा पेटवली, त्याच्यापुढे ताट ठेवलं. मग कढी वाढता वाढता म्हणाली, “या वेळी अशी थाप मारा की आंधळ्यालाही दिसेल.”

“मग ती थाप कसली?” छीतरलाल म्हणाला, आणि दोन दिवस विचार करत राहिला.

तर असा तो शनिवार. छीतरलालने सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. आत फाटकाचा पास होता, त्यावर त्याचा फोटो आणि खाली ‘मानद प्रशिक्षक’. हा तास गेला की पास गेला, आणि पास गेला की फाटकावरचा शिपाई त्याला नातेवाइकासारखा बाहेरच्या बाकड्यावर बसवणार. या फाटकातून तो पहिल्यांदा आत शिरला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याने घसा साफ केला.

“त्या दिवशी भट्टी पुऱ्या जोरावर होती. सकाळचे दहा वाजलेले. मी तलावावरच्या पंपघरात. पंप तलावाचं पाणी ओढतो आणि कुठे पाठवतो, बन्ना?”

बन्ना म्हणजे पुष्पेंद्र हाडा. पहिल्या बाकावर, मिशीला नुकताच पीळ द्यायला लागलेला. “टर्बाइनमधून आलेली वाफ गार करायला, काकोसा.”

“पाणी गेलं नाही तर?”

“वाफ गार होत नाही. टर्बाइन थांबतं. मागोमाग भट्टी बंद.”

“शाब्बास. तर मी उभा, आणि पंपातून आवाज यायला लागला. लोखंडी डब्यात मूठभर खडे घालून खुळखुळावेत तसा. पंपात खडे गेले होते का?”

छीतरलालने मागे नजर टाकली नाही. मागे पेन वहीवर चालल्याचा आवाज त्याला ऐकू आला. लाल की निळं, कळेना.

“खडे नाहीत. पंप उपाशी असला की असा रडतो. ओढायला पुरेसं पाणी नाही, म्हणून आतल्या आत पाण्याचे बुडबुडे होतात, आणि ते फुटताना पोलाद कुरतडतात. हा आवाज ऐकलात की आधी पंप बघू नका, तो कशातून पाणी पितोय ते बघा. मी जाळीपाशी गेलो. तलावातले मासे, शेवाळ आत येऊ नये म्हणून ती जाळी असते ना, तीच. बघतो तर मगर.”

“केवढी?” हेमराज धाकड मधल्या बाकावरून म्हणाला.

“इथून सिंघवी साहेबांपर्यंत.”

बावीस मुंडकी मागे वळली. साहेब वहीत बघत राहिले.

“शेपूट धरून की सोडून, काकोसा?”

“शेपूट भिंतीपलीकडे. सायकलींच्या शेडमध्ये.”

वर्कशॉप हसलं. छीतरलालला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, हेच तर होतंय पाच आठवडे.

“मगरबाईंनी जाळीत जबडा अडकवलेला. अडकला होता की मुद्दाम धरला होता, ते तिलाच ठाऊक. पण जाळी तिच्या अंगाने पुरी बुजली. पंप उपाशी, वाफ गरम, टर्बाइन रुसलं, आणि दहा वाजून दहाला भट्टी बंद. आता भट्टी बंद झाली तरी गार होत नाही, हे तुम्हाला पाठ आहे. तिला पाणी पाजणारे पंप वेगळे, ते चालूच होते, तेव्हा घाबरायचं काही नाही. नुसती वीज गेली. शिफ्टच्या साहेबांचा फोन. ‘छीतर, किती वेळ?’ मी म्हटलं, ‘हुकम, मगरीला विचारून सांगतो.’”

“काय म्हणाली?”

“तोंडात जाळी होती, बन्ना. बोलेल कशी?”

आता सगळेच हसले. एक सोडून. खिडकीजवळच्या टोकाला मनभर मीणा बसे. सहा बहिणींतली सगळ्यात धाकटी. सहावीपण मुलगीच झाल्यावर आजीने मन भरलं म्हणून नाव ठेवलं, मनभर. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वडील काय करतात ते सांगितलं होतं. कुणाचे मास्तर, कुणाचे पटवारी. ही म्हणाली, “बाटी शेकतात. गोठ असली, गावजेवण असलं, की लोक बोलावतात.” पोरं हसली होती. त्यानंतर हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडे तिने तोंड उघडलं नव्हतं. छीतरलालला तिची काळजी वाटे, पण ती हसत नाही याचं दुःख त्याहून जास्त.

“बांबूने ढोसलं. ढोल वाजवला. जाळीवर हातोडी मारली. बाई हलेनात. मग माझ्या लक्षात आलं, तिच्या नाकपुड्या हलताहेत. तलावाच्या काठाने पुढे बालाजीचं देऊळ आहे, तिथे त्या दिवशी गोठ होती. दीडशे माणसांचं जेवण. वारा तिकडून इकडे. तुपाचा वास! मी ओळखलं, आपल्या हाडौतीतली मगर ही, मासे खाऊन कंटाळलेली. मी पळत सुटलो. स्वयंपाक्याला म्हटलं, ‘भाया, अकरा बाट्या दे, वीज अडकली आहे!’ तो म्हणाला, ‘बाट्या? अजून कणीक मळतोय. गोवऱ्यांना आत्ता काडी लावली.’ मी म्हटलं, ‘मग?’ तो म्हणाला, ‘बसा.’”

छीतरलाल थांबला.

“बसलो.”

पोरं खिदळली. छीतरलालने एकेक चेहरा पाहिला. कुठे भुवई हलली का? कुठे ओठ उघडले का? काही नाही. तो पुढे निघाला.

“टोपली डोक्यावर घेऊन आलो. पहिली बाटी कोरडीच टाकली. बाईंनी तोंड फिरवलं. दुसरी तुपात बुडवून टाकली, तेव्हा जाळी सुटली. मग एकामागून एक अकरा. बाराव्या वेळी तिने माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, डाळ विचारतेय. आता तुपातल्या अकरा बाट्या खाल्ल्यावर तुम्ही काय कराल?”

“झोपू!” पोरं एका सुरात म्हणाली.

“तीही झोपली. पोट वर करून तरंगत तरंगत पार पलीकडच्या काठाला. पण जाताना शेपटीचा एक फटका मारून गेली, तो बसला मोटारीच्या डब्यावर. तिन्ही तारा उपटून बाहेर! वायरमन घाईघाईत आला, तारा जोडल्या, आणि दोन तारांची अदलाबदल झाली. पंप चालू केला, तर उलटा फिरतोय. आणि तरी, पोरांनो, पाणी पुढेच गेलं. जरा कमी, पण पुढेच.”

“खोटं!”

पुष्पेंद्र उभा राहिला होता. मिशी थरथरत होती. “काकोसा, खोटं! पंप उलटा फिरला तर पाणी उलटं येणार, तलावात परत!”

“बरोबर!” मागून आवाज आला. सिंघवी साहेबांच्या तोंडून तो निसटून गेला होता. ते उभेही राहिले होते अर्धे.

छीतरलालच्या मनात आलं, मान हलवावी. पास खिशात होता. साहेब स्वतः बरोबर म्हणताहेत. कचोरी द्यावी, आणि आठ वर्षं आणखी यावं. एवढंच तर करायचं होतं.

पण पंपाच्या बाबतीत खोटी कबुली त्याच्या जिभेवर चढेना. मगर चढली होती, अकरा बाट्या चढल्या होत्या, हे काही चढेना.

“बसा बन्ना,” तो म्हणाला. “बसायच्या आधी ती बादली आणा.”

वर्कशॉपच्या कोपऱ्यात शिकायचा पंप होता, शंखासारख्या पोटाचा, खाली हौद. छीतरलालने तो चालू केला. पुष्पेंद्रने नळीखाली बादली धरली, साहेबांनी घड्याळ बघितलं. बादली वीस सेकंदांत भरली. छीतरलालने पंप बंद केला, खटका खाली ओढून त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि मग दोन तारांची अदलाबदल केली. कुलूप काढलं. पंप उलटा फिरू लागला, आवाज जरा घोगरा झाला. आणि नळीतून पाणी आलं. पुढेच आलं. बादली भरायला या वेळी छत्तीस सेकंद लागले.

“या जातीचा पंप पाणी ढकलत नाही, गरगरा फिरवून बाहेर फेकतो,” छीतरलाल म्हणाला. “कुठल्याही बाजूने फिरवा, बाहेरच फेकणार. उलटा फिरला की नेम चुकतो, म्हणून कमी फेकतो. म्हणूनच हे लक्षात येत नाही. पाणी येतंय म्हणून माणूस खूश, आणि महिनाभर पंप उलटा. पाणी येतंय एवढ्यावर कधी जाऊ नका. पंपावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो बघा.”

सिंघवी साहेब हौदापाशी येऊन उभे होते. त्यांनी नळीखाली बोट धरलं, जणू पाण्यालाच विचारत होते.

“हे मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. सरळ म्हणाले. मग बोट रुमालाने पुसलं. “पण छीतरलालजी, हे तुम्ही दाखवलंत. मुलांनी काय पकडलं?”

साहेब परत जाऊन बसले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा पन्नास झाले होते.

“तर पाणी गेलं,” त्याने गोष्ट उचलली, “मी फोन केला, ‘पाणी आलं हुकम.’ साहेबांनी दांडे वर घेतले, भट्टी जागी झाली, वाफ आली, टर्बाइन फिरलं, वीज सुरू झाली. साहेब म्हणाले, ‘छीतर, वसाहतीत कुणाला कळलंसुद्धा नाही.’ संपली गोष्ट.”

टाळ्या पडल्या. हेमराजने तर बाक बडवला. छीतरलाल वाट बघत उभा राहिला. टाळ्या विरल्या. खिडकीबाहेर मोर ओरडला.

“हां, एक राहिलंच,” तो घाईने म्हणाला. “त्या बाटीचं. अशी बाटी मी जन्मात बघितली नाही. स्वयंपाकी पक्का गडी. मी म्हणालो, भाया, लवकर. तो म्हणाला, काकोसा, गोवरीला कुणाची घाई कळत नाही. आधी धूर जाईल, मग ज्वाळा जातील, मग निखारे, मग निखाऱ्यांवर पांढरी राख येईल, तेव्हा बाटी बसेल.” हा कायदा मोडणं नव्हतं, जरासं वाकवणं होतं. कंचन इथे असती तर हसून लोळली असती. “आणि मग ती एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने…”

“काकोसा,” पुष्पेंद्र म्हणाला, “तोंडाला पाणी सुटलं, पण आता पागोटं उतरवा! आम्हाला सगळं पटलं!”

“पटलं! पटलं!” बाकांवरून आवाज उठला. “मगरसुद्धा पटली! पागोटं! पागोटं!”

बोललेला शब्द होता. छीतरलालने दोन्ही हात डोक्याकडे नेले. सिंघवी साहेब पेनाला टोपण लावत होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं होतं, आणि त्यातला ‘सोमवार’ हा शब्द छीतरलालला एवढ्या लांबून दिसला, चष्म्याशिवाय.

“गोष्ट छान होती, छीतरलालजी,” साहेब हळूच म्हणाले. “खरंच छान होती. तर सोमवारपासून…”

लहरियाचा एक पदर सुटून खांद्यावर आला.

“काकोसा, एक विचारू?”

आवाज ओळखीचा नव्हता म्हणून सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीजवळ मनभर उभी होती.

“विचार की, बाईसा.”

“गोवऱ्या ओल्या होत्या की सुक्या?”

पोरं खदखदली. “मनभर, हा स्वयंपाकाचा तास नाही!” हेमराज म्हणाला. मनभर खाली बसायला लागली. मग काय वाटलं कोण जाणे, बसली नाही.

“सुक्या,” छीतरलाल म्हणाला. पागोटं हातात तसंच. “खडखडीत.”

“तुम्ही पोचलात तेव्हा नुकत्या पेटवल्या होत्या?”

“धूर डोळ्यांत जात होता.”

“दीडशे माणसांची गोठ म्हणजे ढीग कमरेएवढा. त्याचे निखारे व्हायला चाळीस मिनिटं लागतात. त्याआधी बाटी टाकली तर वरून काळी, आतून कणीक. मगरीने कच्ची खाल्ली?”

“छे!” छीतरलालचं काळीज पंपासारखं चालू झालं. “कच्ची असती तर तिने मला खाल्लं असतं. खरपूस! मुठीने फोडली की भुगा.”

“मग बाटीला आणखी अर्धा तास. बाबा त्याच्या आत कुणालाही हात लावू देत नाहीत. सरपंच आले तरी नाही.”

“सरपंच आले तरी नाही,” छीतरलालने मान डोलावली.

“देवळापर्यंत जायला किती?”

“पळत दहा मिनिटं.”

“येताना?”

“तुपाचं भांडं आणि बाट्या घेऊन कोण पळतो? वीस.”

मागच्या बाकावर टोपण पुन्हा निघालं होतं. सिंघवी साहेब उभ्या उभ्याच वहीत आकडे मांडत होते, ओठ हलत होते. चाळीस, सत्तर, ऐंशी, शंभर… पेन थांबलं. साहेबांनी मान वर केली, छीतरलालकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मग दुसऱ्याच्या पानातलं उचलायचं नसतं तसं घट्ट मिटून घेतलं. हळूहळू खाली बसले. लाल पेन काढलं आणि ‘सोमवार’वर आडवी रेघ ओढली.

“मनभर, अगं पण त्याचं काय?” पुष्पेंद्र म्हणाला. “मगरीने बाटी खाल्ली हे तुला पटतंय, आणि बाटीला वेळ किती लागला ते पटत नाही?”

“मगरीचं मला काय विचारतोस?” मनभर म्हणाली. आवाज आता खिडकीबाहेर जाईल इतका मोठा झाला होता. “मगर खाईल. तूप असलं तर कुणीही खाईल. पंप उलटा फिरून पाणीही येईल, ते तर बघितलंच.” तिने छीतरलालच्या डोळ्यांत बघितलं, आणि सहा शनिवारांत पहिल्यांदा हसली. “पण दहा-दहाला बंद पडलेली भट्टी, आणि तुम्ही बाट्यांपायी शंभर मिनिटं घालवलीत. काकोसा, खोटं! तोवर तिच्यात विष चढलेलं होतं. ती भट्टी दीड दिवस पेटलीच नसती!”